विद्यापीठांची परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, परीक्षा केवळ तुमचीच असते असे नाही, विद्यापीठांचीही असते. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे जगापुढे ठेविली. ती २०३० पर्यंत गाठावयाची आहेत. पुढील पिढ्यांच्या वाट्याचे न ओरबाडता आजच्या गरजा भागविणे, हे त्यांचे सूत्र होय. २०१९ पासून या कसोटीवर विद्यापीठांचे जागतिक क्रमही लावले जातात. परंतु हे क्रम बव्हंशी छापील संशोधनावर आणि विद्यापीठांनीच पाठविलेल्या पुराव्यांवर ठरतात. म्हणून आपण आपल्या हैदराबादेतच तीन प्रश्न विचारून पाहू.

पहिला प्रश्न : ज्ञान कोणाच्या भाषेत? १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून दिले. त्यासाठी खास भाषांतर-विभाग काढून शास्त्रग्रंथ उर्दूत आणविले. देशी भाषेत विज्ञान शिकविता येते, हे त्याने दाखवून दिले. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. तिला ही पायरी अवघडच राहिली. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी अशा दोन अंगणांत वाढलेल्या आम्हांस हे अंतर चांगले ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न : ज्ञान शेतापर्यंत पोहोचते काय? राजेंद्रनगर येथील कृषी विद्यापीठाने 'तेलंगणा सोना' हे भाताचे वाण विकसित केले. त्याचा दाणा बारीक असून पीक लवकर हाती येते. दिवस कमी, म्हणून पाणीही कमी. येथे प्रयोगशाळेची विद्या शेतकऱ्याच्या विहिरीचे रक्षण करिते.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण : स्वतःच्या अंगणाचे काय? १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठालगत कांचा गच्चीबावलीची चारशे एकर जमीन आहे. ती आपली असल्याचे राज्यशासनाचे म्हणणे. मार्च २०२५ अखेर तेथे यंत्रांनी झाडे पाडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा विद्यार्थी विरोधास उभे राहिले. आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. जमीन कागदोपत्री कोणाची, हा एक प्रश्न. तिच्यावरील झाडी, मोर व हरिणे यांचे काय, हा दुसरा. तो दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला.

यांतून आम्ही एवढाच बोध घेतो : विद्यापीठ म्हणजे इमारत नव्हे, तेथे शिकणारी माणसे होत. उद्या तुम्ही तेथे जाल, तेव्हा त्याचा क्रम कितवा हे अवश्य पाहा. पण त्याच्या विद्येने कोणाचे शेत पिकले आणि कोणते झाड वाचले, हेही विचारा. तशी सवय मात्र आजपासूनच, आपल्या शाळेच्या आवारातील झाडापासून लावून घ्या.