जमिनीचा शब्बाथ आणि तागाचे पीक

शास्त्रपाठ : लेवीय २५:१-७, २३, २ इतिहास ३६:२१, योहान १२:२४

संकेश्वरहून हिरण्यकेशीच्या काठाने गेले की नजर पोचेल तेथवर ऊसच दिसतो. लावण, मग खोडवा, मग पुन्हा लावण. जमिनीला उसंत म्हणून नाही. आम्हीही वडिलार्जित दोन एकरांत वर्षानुवर्षे हेच केले. पाचट पेटवून दिले, रासायनिक खताची पोती वाढवली आणि पाणी सोडत राहिलो. पोती वाढली, पण उसाचे वजन घटत गेले. नांगराला ढेकळे लागू लागली. दोष बियाण्याला दिला, पावसाला दिला. स्वतःकडे मात्र पाहिले नाही.

मग एके दिवशी लेवीयाचा पंचविसावा अध्याय वाचनात आला. सहा वर्षे पेरावे, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा. त्या वर्षी आपोआप उगवेल ते धन्याने, चाकराने, मजुराने, उपऱ्याने व गुराढोरांनीही खावे. तेविसाव्या वचनात देव सांगतो की जमीन त्याची आहे, आपण तिच्यावर पाहुणे आहोत. इस्राएलाने हे ऐकले नाही. पुढे लोक बाबेलास पाडाव होऊन गेले आणि मागे पडीक राहिलेल्या भूमीने सत्तर वर्षे आपले शब्बाथ भोगले, असे इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. आपण विसावा दिला नाही, तरी भूमी तो घेतेच.

आपण नव्या करारातील लोक. सातव्या वर्षाचा नियम आपल्यावर कायदा म्हणून नाही. लहान शेतकऱ्याला वर्षभर शेत पडीक ठेवणे परवडतही नाही. परंतु त्या आज्ञेतले मर्म पाळता येते. आपल्या वाडवडिलांना बिवड ठाऊक होते, हिरवळीचे खतही ठाऊक होते. मृगाच्या पावसावर एकरी वीस ते पंचवीस किलो ताग पेरावा. दाट तागाखाली जमीन झाकली जाते, पावसाचा मार थेट मातीवर बसत नाही आणि तणही दबते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात. सहा ते आठ आठवड्यांनी फुलोरा येऊ लागताच पीक कापून मातीत गाडावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लावणीपर्यंत ते चांगले कुजते. चोपण किंवा पाणथळ रानात तागाऐवजी धैंचा चालतो.

आम्ही पहिल्या वर्षी ताग पेरला तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "अरे, ताग काय खायचा? सोसायटीचा हप्ता कोण भरणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, सोयाबीन घेतले असते तर चार पैसे आले असते. हिय्या करून पेरले खरे, पण हिरवेगार पीक गाडायला जीव होईना. आज करू, उद्या करू म्हणता ताग फुलोऱ्यापलीकडे गेला, देठ काडीसारखे कडक झाले. ते लवकर कुजेनात. कुजताना त्यांनीच मातीतला नत्र ओढला आणि कोवळा ऊस पिवळा पडला. दुसऱ्या खेपेस वेळेवर गाडला. त्यानंतर ढेकळे फुटू लागली, मातीत गांडुळे दिसू लागली. बंधूंनीच पुढच्या वर्षी बी आणून दिले.

ह्या चुकीने आम्हांला योहानाच्या बाराव्या अध्यायाचा अर्थ कळला. दाणा मातीत पडून मरतो तेव्हाच पीक देतो, हे वचन आपण अंत्यविधीच्या वेळी ऐकतो. पण ते जगण्याविषयीही आहे. द्यायचे ते फुलोऱ्यात द्यायचे असते. तारुण्य, अंगातली ताकद आणि आठवड्याचा ताजा वेळ आपण स्वतःसाठी राखतो. प्रभूला व मंडळीला कडक झालेली काडी देतो, आणि फळ का येत नाही म्हणून विचारतो.

१९१० साली अलाहाबादेस शेतकी संस्था काढणारे मिशनरी सॅम हिगिनबॉटम यांनी १९२१ मधील आपल्या पुस्तकाच्या नावातच शुभवर्तमान व नांगर यांना शेजारी बसवले. आपणही त्यांची फारकत करू नये. जमीन नासवून पिकवलेल्या उसाच्या पैशातून भरलेले दान देवाला कसे आवडेल? मुलांच्या हाती सातबारा देताना मातीही जिवंत द्यावी.

संडेस्कूल शिक्षकांसाठी : तागाचे, भुईमुगाचे वा चवळीचे रोप मुळांसकट उपटून धुवावे. मुळांवरची एक गाठ फोडून दाखवावी. आत तांबूस रंग असला तर ती काम करीत आहे. मग दोन उतरत्या पाट्यांत माती घ्यावी, एक पाचटाने झाकावी, एक उघडी ठेवावी आणि दोन्हींवर झारीने पाणी घालावे. कोणत्या पाटीतून गढूळ पाणी वाहते, ते मुलांनीच सांगावे.

चर्चेसाठी प्रश्न :
१. सातव्या वर्षाच्या उत्पन्नावर कोणाकोणाचा हक्क होता? आज आपल्या शेतात त्यांचा वाटा कोठे आहे?
२. जमीन देवाची असेल, तर पाचट पेटवण्याचा आपणांस अधिकार आहे काय?
३. फुलोऱ्यात द्यायचे असे कोणते दान आपण पुढे ढकलीत आहोत?

पाठांतर : योहान १२:२४