वासरांची हगवण आणि आंतड्यांतील बुळबुळीत लेप

गाय व्याली कीं जार पडेपर्यंत वासरास आचळाशीं लावूं नये, व चिकाचा खरवस करून शेजारीं वाटावा, अशी चाल पुष्कळ गांवीं आहे. आम्हीही तीच पाळीत होतों. एक चांगली कालवड तिसऱ्या दिवशीं हगवणीनें गेली, तेव्हां दृष्ट लागली असें म्हणून आम्हीं समाधान मानिलें. पुढें वाचनांत खरें कारण आलें, तें येथें देतों.

आंतड्यास आंतून शेंबासारखा लेप असतो. त्यांतील मुख्य द्रव्यास म्यूसिन म्हणतात. त्याचा प्रत्येक धागा म्हणजे प्रथिनाची दोरी, व तिच्या सर्व अंगांस शर्करेच्या कणांचे केस. बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढें आणावा. हे केस पाणी धरून फुगतात व जंतूंस पेशींपासून दूर ठेवितात. हें कुंपण रोज झिजतें व रोज नवें होतें.

जंतूस दांत नाहींत कीं नखें नाहींत. त्याचें हत्यार विकर, म्हणजे दुसरें द्रव्य तोडणारें रासायनिक द्रव्य. कांहीं विकर टोकाची शर्करा खुडतात, कांहीं दोरीच कापतात. लेप विरघळून वाट मोकळी होते. पटकीच्या जंतूंतील असा विकर मेलबर्न येथील बर्नेट यांनीं १९४८ सालीं वर्णिला. मनुष्यास अतिसार करणाऱ्या ई. कोलाय जंतूंतही दोरी कापणारा विकर असल्याचें २०१४ सालीं दाखविण्यांत आलें. तो नसलेले जंतु पेशींस विष पोंचविण्यांत दुबळे ठरले.

वासरास पहिल्या चार दिवसांत गांठणारा एक जंतु याच कुळांतला. तो अंगावरील सूक्ष्म केसांनीं पेशींस चिकटून विष सोडतो. आंतडें फाटत नाहीं. पाणी व क्षार मात्र झरत राहतात आणि वासरूं सुकून मरतें.

या केसांस धरून ठेवणारीं प्रतिकारक द्रव्यें चिकांत असतात. गाईच्या जारेंतून तीं गर्भास मिळत नाहींत, आणि तीं रक्तांत शोषण्याची वासराच्या आंतड्याची शक्ति २४ तासांत संपते. पहिल्या कांहीं तासांतच ती ओसरूं लागते. म्हणून २५ किलो वजनाच्या वासरास १२ तासांत अडीच लिटर चीक मिळावा, पैकीं पहिला दोन तासांच्या आंत. जारेची वाट पाहूं नये. वासरूं पिऊं लागल्यानें ती सुटण्यास साह्यच होतें. खरवस उरलेल्या चिकाचा करावा.

हगवण लागलीच तर वासरास उपाशी ठेवूं नये. क्षार व साखर घातलेलें पाणी थोडें थोडें पाजीत राहून पशुवैद्यास त्याच दिवशीं बोलवावें.