गुडघ्याची गादी ‘वाढवून’ घ्यायची? आधी लेखी अंदाजपत्रक मागा

‘गादीला ऑक्सिजन कमी पडतोय, ऑक्सिजन कक्षातल्या दहा सिटिंगचं पॅकेज घ्या,’ असं मीरा रोड-भाईंदरमध्ये कुणी सांगितलं, तर पैसे खिशातच ठेवा. ही गादी म्हणजे कूर्चा, सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतातच. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. कूर्चेच्या वरच्या थरात साधारण 5 ते 7 आणि तळाशी जेमतेम 1. तिच्या पेशींना हेच मानवतं. प्रयोगशाळेतही ऑक्सिजन 5 टक्क्यांच्या आसपास ठेवला, तर त्या कूर्चेचं खास कोलॅजन जास्त बनवतात, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. ऑक्सिजन कक्षाचा उपयोग मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांना होतो. त्याने किंवा ओझोनच्या इंजेक्शनाने गादी पुन्हा उगवते, याला भक्कम पुरावा नाही.

खरा उपचार वेगळा आहे, आणि महाग. तुमच्याच कूर्चेचा छोटा तुकडा दुर्बिणीतून काढतात, पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, काही आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत कूर्चेतल्या खड्ड्यात भरतात. मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या ‘कार्टिग्रो’ या अशाच उपचाराला औषध महानियंत्रकांनी 2017 मध्ये परवानगी दिली. पण हा उपचार ठरावीक जागी पडलेल्या खड्ड्यासाठी, बहुधा तरुण किंवा मध्यमवयीन रुग्णांसाठी. साठीत दोन्ही गुडघे पूर्ण झिजले असतील, तर यावर खर्च करू नका. खड्डा लहान असेल, तर हाडाला बारीक छिद्रं पाडण्याची स्वस्त शस्त्रक्रियाही असते. तिच्याबद्दल आपणहून विचारा.

सुरुवात एमआरआयने. खासगी केंद्रात साधारण 5 ते 8 हजार रुपये. फिल्मबरोबर सीडीही मागा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा काढावा लागणार नाही. अहवालात खड्डा किती चौरस सेंटीमीटरचा, हे बघा. झीज मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या चकतीची, असेल तर हा विषय इथेच संपला.

मग अंदाजपत्रक. पेशीवाढीचाच खर्च लाखांत जातो आणि बहुतेकांना तेवढाच आकडा सांगितला जातो. तुम्ही विचारा: दोन्ही वेळची भूल, ऑपरेशन थिएटर, खोली आणि सर्जनची फी यात धरली आहे का? एचआयव्ही, कावीळ बी आणि सीच्या तपासण्या? पेशी चिकटवणारा फायब्रिन गोंद? पेशींची वाढ फसली तर पैसे परत की पुन्हा तुकडा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी नसेल तर सही करू नका. आयसीयू सोडून खोलीभाडं दिवसाला 5 हजारांवर गेलं की त्यावर जीएसटी लागतो. औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्या, अशी सक्ती चालत नाही. महाराष्ट्रातल्या 2021 च्या नियमांनुसार शुश्रूषागृहाने दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. नसेल तर मागा.

‘स्टेम सेल’ हा शब्द आला की अधिक सावध व्हा. गुडघ्यासाठी परवानगी मिळालेलं ‘स्टेमवन’ हे उत्पादन 2022 मध्ये आलं. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी गुडघ्यात टोचण्याला ती परवानगी लागू नाही. ‘चाचणी सुरू आहे,’ म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक घ्या. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत.

विम्याचं काम आधी करा, ॲडमिट झाल्यावर नव्हे. विमा नियामकाने वगळायला मनाई केलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत स्टेम सेल आहेत, पण रक्ताच्या आजारातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरतेच. त्यामुळे हा खर्च मिळेल का, असं टीपीएला, म्हणजे विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला, ईमेलवर विचारा. काउंटरवरचा तोंडी ‘हो’ कामाचा नाही. आधार, पॉलिसी, एमआरआय आणि डॉक्टरचं पत्र जोडा. धर्मादाय रुग्णालय निवडलंत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल, तर राखीव 10 टक्के खाटांवर मोफत, 3,60,000 पर्यंत असेल तर सवलतीच्या दरात उपचाराची तरतूद आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या. पेशींची किंमत त्यात बसते का, हे रुग्णालयाच्या समाजसेवकाकडून लिहून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर सहा-आठ आठवडे कुबड्या आणि अनेक महिने फिजिओथेरपी. त्या दिवसांत मीरा रोडहून विरार लोकल विसरा. रुग्णालय अंधेरी-परळला असेल, तर फेरतपासण्यांचं टॅक्सीभाडं बजेटमध्ये आत्ताच धरा. कुबड्या विकत घेऊ नका, अनेक सेवाभावी संस्था अनामत रक्कम घेऊन त्या वापरायला देतात. बिलाबाबत फसवणूक वाटली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. फोनआधी अंदाजपत्रक आणि पावत्या हाताशी ठेवा.