पावसाळ्यातील परसबाग : औषधाआधी पाण्याची वाट

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस तीन-चार दिवस लागून राहिला की घरोघरी एकच तक्रार सुरू होते : मोगरा पिवळा पडला, कढीपत्ता पानं गाळतोय, मिरचीनं मान टाकली. कोणी चमचाभर युरिया टाकतं, कोणी दुकानातून औषध आणून फवारतं. झाड आणखी खंगतं, कारण पावसाळ्यात परसबागेतली बरीचशी दुखणी साचलेल्या पाण्यातून येतात. तेव्हा औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी पाणी कुठे अडलंय ते पाहावं.

कुंडी उलटी करून पाहा

माती ओली असूनही झाड दुपारी सुकल्यासारखं दिसत असेल, तर दोष मुळांचा समजावा. कुंडी आडवी करून कडेनं थापट्या मारा आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी आणि चिवट असतात. सडलेली मुळं तपकिरी दिसतात, चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात येते आणि मातीला कुबट वास मारतो. अशी मुळं कात्रीनं छाटा, वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात कमी करा आणि झाड नव्या मातीत लावून आठवडाभर आडोशाला ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नका. हवा न मिळालेली मुळं खत उचलतच नाहीत.

कुंडी भरताना माती, शेणखत आणि कोकोपीट किंवा भाताचं तूस समप्रमाणात घ्यावं. नुसती काळी माती कुंडीत चिखल होऊन बसते. तळाला खडीचा जाड थर घातला की निचरा वाढतो, असं बरेच जण मानतात, पण तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहतं. भोकावर एक खापराचा तुकडा पालथा ठेवला की पुरे. कुंडीखाली विटेचे दोन तुकडे सरकवावेत, म्हणजे भोक मोकळं राहतं आणि गच्चीच्या फरशीलाही ओल धरत नाही. भिजलेली २० लिटरची कुंडी ३० किलोच्या घरात जाते, म्हणून मोठ्या कुंड्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ठेवाव्यात.

जमिनीवर भाजी लावायची असेल तर १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत आणि दोन वाफ्यांमध्ये उताराच्या दिशेनं चर काढावा.

रोपं कोलमडतात तेव्हा

वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी होतात, ती बुरशीमुळे. बी दाट पेरू नये. लावणीपूर्वी वाफ्यात ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची शेणखतात कालवलेली भुकटी मिसळावी. पानांवर ठिपके किंवा करपा दिसला तर एक टक्का बोर्डो मिश्रण वापरता येतं. कोकणातल्या सुपारी बागायतदाराला कोळेरोगामुळे ते चांगलंच परिचयाचं आहे. घरापुरतं एक लिटर करायचं तर १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवावेत. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळावं. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला असं समजून थोडी चुन्याची निवळी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावं. पालेभाज्यांवर ते फवारू नये. ट्रायकोडर्मा घातलेल्या मातीतही ओतू नये, कारण तांबं त्या उपयोगी बुरशीलाही मारतं.

गोगलगायी आणि पिठ्या ढेकूण

२०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. त्याच गोगलगायी शहरातल्या बागांतही शिरतात. दिवसा त्या विटांखाली आणि पालापाचोळ्यात दडतात आणि रात्री चरायला निघतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरावं. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. उघड्या हातानं धरू नये, त्यांच्या अंगात माणसाला अपायकारक कृमी असू शकतात. माती उकरताना साबुदाण्यासारखी अंडी सापडली तर तीही नष्ट करावीत. चुन्याच्या पट्ट्याचा उपयोग तो कोरडा असेपर्यंतच. बाजारातल्या विषारी गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततात, म्हणून घराजवळ त्या टाळलेल्या बऱ्या.

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा आणि फार माखलेले शेंडे छाटावेत. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यानं गाळावा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा. निदान चार-पाच तास उघडीप मिळेल अशी संध्याकाळ फवारणीला धरावी. सध्या कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर वर्षभराची बेगमी होते.

अंगण आणि थाळ्या

फरशीवर शेवाळ धरलं तर खराट्यानं घासून काढावं आणि झाडांच्या मुळांपासून लांब, बेतानंच ब्लीचिंग पावडर टाकावी. ती अ‍ॅसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. कुंड्यांखालच्या थाळ्या पावसाळाभर काढून ठेवलेल्याच बऱ्या. डेंगी पसरवणारा डास अंड्यापासून साधारण ७ ते १० दिवसांत उडता होतो आणि त्याची अंडी कोरड्या कडेलाही चिकटून राहतात. म्हणून थाळ्या ठेवायच्याच असतील, तर आठवड्यातून एकदा त्या नुसत्या पालथ्या न करता घासून पुसाव्यात.

या पंधरवड्यातली कामं

- सगळ्या कुंड्यांची भोकं काडीनं मोकळी करा.
- जमिनीला टेकलेली पानं आणि फांद्या काढा.
- वेलांना मांडव द्या, उंच झाडांना काठी बांधा.
- निचरा चांगला असूनही फक्त खालची पानं पिवळी पडत असतील, तर खत वाहून गेलंय असं समजून उघडीप मिळताच कुंडीला मूठभर गांडूळखत द्या.

एक काम मात्र भर पावसातच करायचं. पुढची मोठी सर आली की छत्री घेऊन दहा मिनिटं बागेत उभे राहा. पन्हाळीचं पाणी कोणत्या वाफ्यावर कोसळतं, कुठल्या कुंडीत तळं होतं, फरशीवर डबकं कुठे धरतं, ते पाहून खडूनं किंवा काठीनं खूण करा. सर ओसरली की कुदळ तिथेच चालवायची.