मुंडा खुणांतून जातो, मग आलेख का नाही?

प्रश्न : मी कोरेगावात शिवणक्लासला जाते. ब्लाउजचा मुंडा काढताना आम्ही खडूने खुणा करतो आणि फ्रेंच कर्व्ह लावून गोलाई काढतो. एक खूण सुटली तरी बाई पुसायला लावतात. माझा भाऊ कृषी महाविद्यालयात आहे. त्याने खताची मात्रा आणि गव्हाचे उत्पादन यांचा आलेख काढला, तर संगणकाची वक्ररेषा एकाही बिंदूतून गेली नाही. तरी सर म्हणाले, बरोबर आहे. हे कसे?

उत्तर : बाईही बरोबर आणि सरही बरोबर. फरक आहे तो बिंदूंत.

आधी मुंडा पाहू. खांद्याचे टोक आणि काखेची खूण अंगाच्या मापावरून पक्की झालेली असते. रेषा ती सोडून गेली, तर काखेत कपडा दाटतो किंवा चुण्या पडतात. म्हणून खुणा गाठायच्याच. पण त्याच खुणा पट्टीने सरळ जोडल्या, तर मुंड्याला कोपरे येतील. रेषेचे दोन तुकडे जिथे भेटतात तिथे दोघांचा कल एकच हवा. फ्रेंच कर्व्ह सरकवून तुम्ही तेच साधता. हात पुढच्या बाजूला जास्त हलतात, म्हणून पुढचा मुंडा मागच्यापेक्षा खोल घेतात. शिवाय बाहीची वरची गोलाई मुंड्याच्या शिलाईशी मोजून जुळवावी लागते. थोडक्यात जागा, कल आणि लांबी, तिन्ही सांभाळायचे.

वस्तूंच्या आराखड्यात मात्र बिंदूंचे काम बदलते. 1960च्या दशकात रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याची वळणे संगणकावर आखण्यासाठी एक पद्धत रूढ केली. तिच्यात रेषा पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून जाते. मधले बिंदू तिला नुसते आपल्याकडे ओढतात. एक बिंदू हलवला की वळण बदलते, पण रेषा गुळगुळीतच राहते.

आता भावाचा आलेख. समजा, हेक्टरी 0, 40, 80, 120 आणि 160 किलो नत्र दिले आणि 18, 28, 31, 36 व 34 क्विंटल गहू आला. हे आकडे केवळ नत्रामुळे आलेले नाहीत. एका वाफ्याची जमीन भारी, दुसऱ्याला पाणी कमी, मळणीत थोडी सांडलवंड, अशा कारणांनी प्रत्येक बिंदू थोडा वर किंवा खाली सरकलेला असतो. आपल्याला हवा असतो त्यामागचा नत्राचा परिणाम. म्हणून रेषा बिंदूंच्या जवळून नेतात. प्रत्येक बिंदूपासून रेषेपर्यंतचे उभे अंतर मोजायचे, त्याचा वर्ग करायचा आणि वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा निवडायची. वर्ग केल्याने वरची आणि खालची अंतरे एकमेकांना खोडत नाहीत. ही पद्धत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने 1805 साली प्रसिद्ध केली.

या आकड्यांवर साधा परवलय बसवला, तर रेषा कोणत्याच बिंदूतून जात नाही, पण दीड क्विंटलपेक्षा फार दूरही राहत नाही. तिचा माथा 131 किलोच्या आसपास येतो. माथ्याजवळ शेवटच्या काही किलोंनी उत्पादन जेमतेम वाढते, खताची किंमतही निघत नाही. म्हणून फायद्याची मात्रा माथ्याच्या अलीकडेच असते.

पुष्कळांना वाटते की सगळ्या बिंदूंतून गेलेली रेषा जास्त अचूक. पाच बिंदूंतून नेमकी जाणारी चौथ्या घाताची रेषा काढता येते. पण तीच पुढे वाढवली, तर 200 किलो नत्राला उत्पादन उणे 2 क्विंटल येते! सांडलवंडीलाही तिने नत्राचा परिणाम मानले, त्याचा हा परिणाम. साधी रेषाही फार ताणू नये. वरचा परवलय 320 किलोला शून्य उत्पादन दाखवतो, पण तिथे आपण मोजलेलेच नाही. रेषेचा शब्द मोजलेल्या टप्प्यापुरताच धरावा.

आणखी एक समज असा, की संगणकाने काढले म्हणजे शंका नको. बिंदूच एका बाजूला झुकलेले असतील, तर रेषाही तशीच झुकते. तुमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले सांख्यिकीतज्ज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास केला. शेतातला फार लहान तुकडा आखून कापणी केली, तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे त्यांनी दाखवले. हद्दीवरची रोपे आत धरली जातात, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने हद्द मोठी असते. अशी चूक कोणतीही वक्ररेषा दुरुस्त करू शकत नाही. ती शेतातच टाळावी लागते.

तेव्हा रेषा काढण्यापूर्वी विचारावे, हे बिंदू ठरवलेले आहेत की मोजलेले? मुंड्याच्या खुणांसारखे ठरवलेले असतील तर ते गाठावेत, मोजलेले असतील तर किती चुकत असतील ते आधी पाहावे. भावाला सांगा, पुढच्या वेळी प्रत्येक मात्रेचे तीन-चार वाफे घे. एकाच मात्रेच्या वाफ्यांत किती फरक पडतो ते दिसले, की रेषेवर किती भरवसा ठेवायचा तेही कळेल.