कळसूबाईचे दर्शन आणि परतीचा पाऊस

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील बारी या गावातून कळसूबाईची पायवाट सुरू होते. समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रातील सर्वोच्च होय. आख्यायिका अशी की, कळसू नावाची कोळी कन्या केर काढणार नाही व भांडी घासणार नाही, या अटीवर एका घरी कामास राहिली. ती अट मोडताच ती डोंगरावर निघून गेली व तेथेच स्थिरावली. शिखरावरील तिच्या लहानशा मंदिरात नवरात्रात भाविकांची दाटी होते.

नवरात्राचे दिवस बहुधा मोसमी पावसाच्या परतीचे असतात. सकाळी आकाश निरभ्र असते. ऊन वाढताच जमिनीलगतची दमट हवा तापून वर चढते, डोंगरउतारामुळे तिला अधिकच उचल मिळते आणि दुपारनंतर विजांचे ढग दाटतात. म्हणून पहाटे चढण आरंभून दुपारपूर्वी उतरणीस लागावे, हा क्रम हिताचा होय.

या वाटेवर कड्यांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या व कठडे आहेत. एरवी आधार देणाऱ्या याच शिड्या विजेच्या वेळी धोकादायक ठरतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर, असे अंतर धरावे. हे अंतर तीस सेकंदांहून कमी भरल्यास वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, असे समजावे. अशा वेळी शिडीवर पाऊल ठेवू नये. माथा, उघडी सोंड व एकाकी वृक्ष टाळून सखल जागी यावे. आसरा नसल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. बरोबरीच्या मंडळींनी एकमेकांपासून अंतर राखावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुढे निघावे.

पावसाबरोबर धुकेही उतरते व वाट दिसेनाशी होते. अशा वेळी आडवाट न धरता जागीच थांबावे. भिजलेल्या अंगाला वारा लागून शरीराची उष्णता झपाट्याने घटते. वृद्ध व बालके यांना याची बाधा लवकर होते. कोरडे वस्त्र, प्लास्टिकचा कागद, विजेरी, पाणी व गूळ-शेंगदाणे सोबत असावेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइल अ‍ॅपवर विजेची पूर्वसूचना मिळते. संकटसमयी ११२ किंवा १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा.

नवस बोललेला भाविक अर्ध्या वाटेवरून परतण्यास कचरतो. शिखर पुढे दिसत असताना मागे फिरणे त्यास अपराधासारखे वाटते, आणि हा संकोच अपघातास कारण ठरू शकतो. वास्तविक पायथ्याशीही देवीचे मंदिर आहे. सोबत आणलेली खणा-नारळाची ओटी तेथे श्रद्धेने अर्पण करावी. लेकरू सुखरूप घरी पोचावे, हीच मातेची इच्छा असते. शिखर आपल्या जागी अढळ आहे. आकाश निवळल्यावर पुन्हा यावे.