रेकॉर्डिंगमधील हम : दोष यंत्राचा की अर्थिंगचा?

नगर जिल्ह्यात (सन २०२४ पासून अहिल्यानगर) झेंडीगेट, मुकुंदनगरपासून संगमनेर, श्रीरामपूरपर्यंत घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा जोडधंदा करणारे आपले बांधव आता आढळतात. नात, कव्वाली, लग्नाची गाणी, रिक्षावर फिरणारी दुकानाची जाहिरात, निवडणुकीचा प्रचार अशी कामे गावातच होतात व पुण्या-मुंबईचा हेलपाटा वाचतो. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि दोन स्पीकर एवढ्या भांडवलावर काम सुरू होते. पण गाणारा श्वास घ्यायला थांबला की मागे "हुंऽऽ" असा आवाज ऐकू येतो, गिऱ्हाईक तो लगेच ओळखते आणि काम परत येते. मग नवा माइक येतो, नवा इंटरफेस येतो, हम मात्र होता तसाच राहतो. कारण दोष बहुधा यंत्रात नसतो. यंत्रे एकमेकांना आणि घराच्या अर्थिंगला कशी जोडली आहेत, यात असतो.

प्रथम आवाज नीट ऐकावा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. सलग, खर्जातला, घुमणारा आवाज असेल तर तो या ५० चा किंवा दुप्पट १०० चा समजावा. ज्यांच्याकडे हार्मोनियम आहे त्यांनी खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून पाहावी, हम तिच्या अगदी जवळ लागतो. आवाज खरखरीत, भुंग्यासारखा असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा चौकोनी लहर देणारा स्वस्त इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्यावा. माऊस हलवताना चिरचिर होत असेल तर ती कॉम्प्युटरमधून यूएसबी वायरीच्या मार्गे आलेली असते. आणि माइकच्या धातूला हात लावताच हम कमी होत असेल तर वायरीची जाळी, म्हणजे शील्ड, कुठेतरी तुटलेली आहे. तिथे पुढची चर्चा करण्याआधी कैया हाती घ्यावा.

आता ग्राउंड लूप म्हणजे काय ते पाहू. समजा मिक्सर एका भिंतीवरच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये आहे आणि पॉवर्ड स्पीकर समोरच्या भिंतीवर. दोघांचीही बॉडी आपापल्या पिनेतून अर्थला जोडलेली आहे. शिवाय दोघांमध्ये ऑडिओची वायर आहे आणि तिची जाळीही दोन्ही बॉडींना जोडते. म्हणजे अर्थला जाण्याचे दोन रस्ते झाले आणि एक मोठे कडे तयार झाले. खोलीतील ट्रान्सफॉर्मर, चोक, मोटार यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे या कड्यात प्रवाह फिरू लागतो; दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असेल तर तोही त्यात भर घालतो. जाळीतून १० मिलिअँपिअर गेले आणि जाळीचा रोध ओहमचा दहावा भाग धरला तर १ मिलिव्होल्ट हम तयार होतो. घरगुती यंत्रांचा लाइन सिग्नल सुमारे ३१६ मिलिव्होल्ट असतो. तीनशेव्या हिश्श्याचा हा हम गाणे चालू असता झाकला जाईल, पण कॉम्प्रेसर लावून आवाज वर उचलला की तोही वर येतो.

दोष शोधताना सगळ्या वायरी एकदम उपसू नयेत. फक्त स्पीकर चालू ठेवावा, त्याला काहीही जोडू नये. शांत असेल तर इंटरफेस जोडावा, मग लॅपटॉप, मग मिक्सर. ज्या जोडणीला हम सुरू झाला तिथे कडे पूर्ण झाले. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवताच आवाज थांबत असेल तर रस्ता चार्जरमधून जातो. दोन पिनांचा चार्जरही निर्दोष समजू नये. त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडी गळती बाहेर येतेच.

इथे बरेच कारागीर एक सोपा उपाय करतात. थ्री-पिन प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात किंवा अर्थची वायर कापतात. कडे तुटते, हम थांबतो, गिऱ्हाईक खूश होते. हे काम आमच्या मते कोणत्याही मजुरीवर करू नये. त्या पिनेचे काम आवाजासाठी नाही, माणसासाठी आहे. आत फेजची वायर सुटून बॉडीला लागली तर फ्यूज उडवणारा रस्ताच राहत नाही आणि तीच वीज माइकच्या जाळीवर येते. गाणाऱ्याचे ओठ माइकला टेकलेले असतात. वेल्समधील स्वान्सी येथे मे १९७२ मध्ये लेस्ली हार्वे हा गिटारवादक स्टेजवर माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला; कारण अर्थिंगमधला दोष.

मुळात अर्थ आहे का, हेही तपासले पाहिजे. जुन्या घरांतून दोनच वायरी फिरवलेल्या असतात व तिसरे भोक शोभेचे असते. अशा ठिकाणी यंत्रांच्या आतील फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये बॉडीला लटकत ठेवतात आणि बॉडीवर साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट दिसतात. लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकले की येणाऱ्या झिणझिण्या त्याच असतात. मल्टिमीटरने मोजावे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळजवळ सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. न्यूट्रललाच अर्थच्या पिनेत जोडण्याची युक्तीही काहीजण करतात. बाहेर न्यूट्रल तुटला तर घरातली प्रत्येक पत्र्याची वस्तू फेजवर येईल, एवढे सांगितले तरी पुरे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पावसाळ्यात चांगला चालणारा अर्थचा खड्डा चैत्र-वैशाखात कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. तो ५ ओहम असेल तर २३० व्होल्टला ४६ अँपिअर वाहतील व ६ अँपिअरचा फ्यूज उडेल. तोच रोध ५० ओहम झाला तर फक्त ४.६ अँपिअर वाहतील, फ्यूज जागचा हलणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. म्हणून अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायची सोय आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, एवढे झाल्याशिवाय ध्वनीच्या वायरींवर खर्च करू नये. काहीजण "स्टुडिओचा अर्थ वेगळा हवा" म्हणून अंगणात दुसरी सळई ठोकतात व ती घराच्या अर्थला जोडत नाहीत. त्याने दोन अर्थांमधला फरक वाढतो आणि आधी नसलेला लूप तयार होतो.

अर्थ ठीक असेल तर लूपचा इलाज सहसा स्वस्तात होतो. सगळी यंत्रे एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणावीत. ६ अँपिअरच्या सॉकेटला १३८० वॉट झेपतात. लॅपटॉप, इंटरफेस आणि दोन लहान स्पीकर त्याच्या पावपटीत बसतात. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी मिळाले की कडे लहान होते. माइकची वायर आणि विजेची वायर शेजारी बांधू नयेत, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत दोन कोर व जाळी असलेली बॅलन्स्ड वायर वापरावी. दोन कोरांवर सारखाच पडणारा हम दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो.

बॅलन्स्ड लाइन वायरीची जाळी एका टोकाला सोडून दिली तर सिग्नल चालतो आणि कडे तुटते. अर्थची पिन कापण्याऐवजी कापायची ती ही जागा. परंतु माइकच्या वायरीत हे करू नये. कंडेन्सर माइकचे ४८ व्होल्ट जाळीतूनच परत येतात, ती सोडली की माइक बंद पडेल. काही यंत्रांत बनवणाऱ्यानेच एक नंबरची पिन बॉडीऐवजी आतल्या सर्किटला जोडलेली असते व जाळीतला प्रवाह सरळ आवाजात शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हा दोष सविस्तर मांडला होता. तिथे, किंवा जुन्या मिक्सरच्या आरसीए जोडणीत, एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करावी. ज्यांचा हात कैयावर बसला आहे त्यांनी अशा वायरी स्वतः बनवून इतर व्यावसायिकांना दिल्यास तोही एक जोडधंदा होईल.

कॉम्प्युटरमध्ये ५०, १००, १५० चे फिल्टर लावून हम पुसता येतो, पण पुरुषी आवाजाचे मूळ याच १००-१५० च्या आसपास असते आणि कव्वालाचा आवाज पोकळ होतो. झालेले रेकॉर्डिंग वाचवण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

गायक येण्याआधी सर्व यंत्रे चालू ठेवून ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करावी आणि तारीख घालून ठेवावी. श्रावणातली आणि वैशाखातली शांतता एकामागून एक ऐकल्यावर खड्ड्यात पाणी केव्हा घालायचे ते कळते.